सह्याद्रीतल्या ट्रेकसाठी लेन्स: आधी टेली, वाइडचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात राहतात, शनिवार-रविवार गडांवर भटकतात. जवळ कॅननचा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेला, डीएसएलआर आहे आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स. डोंगरावर उभं राहून जे भव्य दिसतं ते घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं की सपाट आणि लांब गेलेलं वाटतं, ही तक्रार. ग्रुपमधले सगळे सांगतात, 'लँडस्केप म्हणजे अल्ट्रावाइड, १०-१८ घेऊन टाक.' एक मित्र म्हणतो, मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी आणि १६-३५ एफ/२.८ घेतलीस की प्रश्नच मिटला. बजेट एका साध्या लेन्सचं आहे, आणि ती जुनी घेतली तर चालेल का, हेही विचारलंय.

माझं उत्तर: ५५-२५० एसटीएम ही टेली लेन्स घ्या (टेली म्हणजे लांबचा छोटा भाग मोठा करून दाखवणारी, वाइड म्हणजे रुंद भाग एकदम घेणारी; एसटीएम हा कॅननच्या फोकस मोटरचा प्रकार). वाइडचं पुढच्या वर्षी बघू.

हे ऐकून ग्रुपमधले हसतील, म्हणून कारण नीट सांगतो. 'लँडस्केपला वाइड' हा सल्ला मुळात चुकीचा नाही. तो ज्या जागांवरून आला त्या जागा वेगळ्या आहेत. लडाखमध्ये किंवा हिमालयातल्या एखाद्या दरीत तुम्ही तळाशी उभे असता. पुढ्यात गोटे, ओढा, तळं, फुलं. त्यामागे डोंगर वर वर चढत गेलेला. तिथे वाइड लेन्स पायाजवळच्या दगडापासून शिखरापर्यंत सगळं एका चित्रात घेते आणि ते चित्र उभं राहतं. आपल्याकडे उलटं आहे. आपण घामाघूम होऊन माथ्यावर पोचतो आणि कड्याच्या काठाशी उभे राहतो. पुढ्यात तीन-चार फूट वाळलेलं गवत, की लगेच खाली हजार-दीड हजार फुटांची दरी. ज्याचा फोटो काढायचा तो डोंगर समोर आपल्याच उंचीवर किंवा खाली, आणि पाच-दहा किलोमीटर लांब. मधे काहीच नाही. अशा ठिकाणी वाइड लावली की अर्ध्या चित्रात पांढरं आकाश, खालच्या भागात गवत, आणि मधे डोंगरांची एक बारीक रेघ.

आकड्यांत बघा. दहा किलोमीटरवर एक किलोमीटर रुंदीचा डोंगर आहे असं धरू. तुमच्या कॅननच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. १० मिमी फोकल लेंथला तो डोंगर सेन्सरवर एक मिमी जागा घेतो, म्हणजे चित्राच्या रुंदीचा बाविसावा भाग. १८ मिमीला साधारण बारावा भाग. ५५ ला पाव चित्र. आणि २०० मिमीला जवळजवळ सगळं चित्र व्यापतो. तुमची तक्रार आहे ती १८ मिमीवर डोंगर लांब गेल्याची. त्यावर १० मिमीची लेन्स घेणं म्हणजे नवरदेवाचा फोटो मांडवात नीट येईना म्हणून रस्त्यापलीकडे जाऊन काढण्यासारखं आहे.

डोळ्यांचं काय होतं, तर माथ्यावर उभं राहिल्यावर आपण सगळ्या दिशांना एकदम बघत नाही. नजर एका सुळक्यावर जाते, मग मागच्या रांगेवर, मग खालच्या वाडीवर. आठवणीत राहतात ते हे तुकडे, आणि टेली नेमके तेच तुकडे उचलते. कळसूबाईच्या माथ्यावरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ओळीने दिसतात. सकाळचं ऊन समोरून त्यांच्यावर पडतं. ७० ते १५० मिमीच्या मधे कुठेतरी हे तिघं चित्रात मावतात आणि कातळाचे आडवे थर सुटे सुटे मोजता येतात. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यामुळे आपल्या डोंगरांचं सौंदर्य शिखराच्या टोकात कमी आणि या आडव्या पट्ट्यांत जास्त आहे: काळा कातळ, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा कातळ. पावसाळ्यात तर प्रत्येक पट्टीवरून पाण्याच्या रेघा खाली येतात. हे लांबून टेलीतच दिसतं. वाइडमध्ये सगळा डोंगर नुसता हिरवट-काळा गोळा होऊन जातो.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून दिसणारा देखावा हे दुसरं उदाहरण. संजीवनी माचीची तटबंदी वळणं घेत लांबवर गेली आहे, तिचा फोटो सगळेच काढतात आणि बहुतेकांचा फसतो, कारण १८ मिमीला ती माची दोऱ्यासारखी दिसते. तिथे ५५ च्या पुढे जायला लागतं. माचीचं एक वळण, त्यातले बुरूज, मागे धुक्यात एक-दोन रांगा, एवढंच घ्या. पश्चिमेकडचा तोरणा वेगळ्या फ्रेममध्ये घ्या. दोन्ही एकात कोंबायचा मोह होतो, पण दोन्हीची माती होते.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकायला हवा. टेलीने 'मागचे डोंगर जवळ येतात' असं म्हणतात. लेन्स काहीच जवळ आणत नाही. पुढच्या आणि मागच्या डोंगराचं आकारातलं प्रमाण ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात यावर. लेन्स फक्त किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. रायलिंगच्या पठारावर गेलात तर हे लगेच पटेल. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. अगदी काठाशी गेलात तर लिंगाणा अंगावर येतो आणि रायगड मागे बसका दिसतो. पठारावर मागे सरकलात तर लिंगाणा लहान होतो, रायगड मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून तुलनेने मोठा वाटतो. मग टेलीने तेवढाच भाग कापून घ्यायचा. फार मागे गेलात तर पठाराची कड लिंगाण्याचा पायथा गिळते, तेव्हा थोडं पुढेमागे करून जागा शोधावी लागते. आधी पायांनी जागा ठरवायची, मग झूम फिरवायचा. बहुतेक जण जागेवर उभं राहून नुसता झूम फिरवत बसतात.

आणि एक गोष्ट, जी लेन्सच्या चर्चेत कुणी काढत नाही. वाइड लेन्स माणसाला कड्याकडे ओढते. पुढ्यातलं गवत नको असतं, दरी जास्त हवी असते, म्हणून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून माणूस एक पाऊल पुढे टाकतो, मग आणखी एक. वाइडमधून काठ असतो त्यापेक्षा लांब दिसतो, हे त्यात भर. पावसाळ्यातल्या शेवाळावर किंवा मार्चमधल्या मुरमाच्या घसाऱ्यावर हे पाऊल महागात पडतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वाइड वापरायचीच असेल तर पालथं झोपून, पाय कुणीतरी धरलेले असताना. टेलीवाला बहुतेक वेळा काठापासून चार पावलं मागेच उभा असतो.

आता वाइड कुठे लागतेच, तेही सांगतो, नाहीतर एकांगी होईल.

सांधण दरी. साम्रदहून खाली उतरलात की दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन माणसं शेजारी चालताना खांदे घासतात. मागे सरकायला जागाच नाही. इथे १० मिमी उभी धरून, वर आकाशाची फट आणि खाली पाण्यातले गोटे असं चित्र घ्यायचं. हरिश्चंद्रगडावरचं केदारेश्वराचं लेणंही असंच: पाण्यात शिवलिंग, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि आत उभं राहायला जागा तुटपुंजी. गडांचे दरवाजे, गोमुखी रचनेतले बुरूज, लेण्यांचे व्हरांडे, सगळीकडे हीच गत. कोकणकड्याची पूर्ण अर्धचंद्राकार वाटीही कड्यावर उभं राहून १८ मिमीत मावत नाही.

इंद्रधनुष्याचं गणित तर अगदी चोख आहे. मुख्य इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंश, म्हणजे सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना पूर्ण कमान ८४ अंश रुंद. फुल फ्रेमवर आडव्या चित्रात ८४ अंश बसतात ते बरोबर २० मिमीला. तुमच्या कॅननवर साधारण साडेबारा मिमी लागेल. १८ मिमीला तुम्हाला ६४ अंशच मिळतात, त्यामुळे किट लेन्समध्ये कमानीचं एक टोक कायम कापलं जाणार.

पण कोकणकड्यावरच्या ज्या नवलासाठी लोक जीव टाकतात, त्या इंद्रवज्राला वाइड कुचकामी आहे. कर्नल साइक्सने १८३५ मध्ये ज्याची नोंद केली ते हे गोल इंद्रधनुष्य. सूर्य पाठीशी, समोर खाली दरीत ढग, आणि ढगावर पडलेल्या तुमच्याच सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलय. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी मिळतो तो सकाळीच. हे वलय इंद्रधनुष्यासारखं आकाशभर पसरत नाही, काही अंशांचंच असतं. १० मिमीच्या ९६ अंशांच्या चित्रात ते शर्टाच्या बटणाएवढं उमटेल. किट लेन्सचं ५५ चं टोक २३ अंश देतं, ते ठीक. ५५-२५० असेल तर वलयच चित्रभर करता येतं. आपल्या जागेवरून प्रत्येकाला स्वतःच्याच डोक्याभोवतीचं वलय दिसतं, शेजाऱ्याचं नाही. त्यामुळे 'तू सरक, मला काढू दे' असली भांडणं करायची गरज नाही.

कास पठारासाठी लोक हटकून वाइड विचारतात. फुलांत पाऊल टाकायचं नाही, हे तिथे गृहीत आहे. वाटेवर उभं राहून वाइडने काढलं की फुलांपेक्षा फुलांमधल्या मोकळ्या जागा जास्त दिसतात: दगड, चिखल, खुरटं गवत. कॅमेरा खाली, फुलांच्या उंचीला आणा आणि १५० ते २५० मिमीने तिरकं पठारभर बघा. पुढची-मागची फुलं एकमेकांवर येऊन फटी भरून जातात. तेरडा असो, सोनकी असो की कवला, गालिचा म्हणतात तो असाच दिसतो. वाइडचा उपयोग तिथे आहे तो वाटेच्या कडेला एखादा तुरा अगदी वीतभरावर घेऊन मागे ढग दाखवायला. १०-१८ ही २२ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे ते जमतं.

तर वाइडची गरज खरी आहे, पण मोजक्या ठिकाणी आहे, आणि ती ठिकाणं निघण्याआधी माहीत असतात. सांधणला जाताय? मग दोन दिवसांसाठी १०-१८ भाड्याने घ्या, पुण्यात कॅमेऱ्याचं सामान भाड्याने सहज मिळतं. शिवाय बहुतेकांच्या खिशातल्या फोनमध्ये एक अल्ट्रावाइड आधीच असते. तिची प्रत मोठ्या प्रिंटला पुरणार नाही, पण काम भागतं. दहा किलोमीटरवरचा सुळका मात्र फोन आणून देत नाही.

वाइड न घेता रुंद चित्र हवं असेल तर तुकडे जोडा. किट लेन्स ३५ मिमीला, कॅमेरा उभा, एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाकलेला, व्हाइट बॅलन्स ठरावीक. डावीकडून उजवीकडे सहा-सात फ्रेम, प्रत्येकीत आधीच्या चित्राचा एक तृतीयांश भाग. घरी सॉफ्टवेअर जोडून देतं, आणि तपशील १० मिमीच्या एका फ्रेमपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. पळतं धुकं असेल तर मात्र हे सोडून द्या, दोन फ्रेमच्या मधे ढग जागा बदलतो आणि जोड उघडे पडतात.

आता त्या १६-३५ एफ/२.८ वाल्या मित्राकडे वळू. कॅननची ती एल मालिकेतली तिसऱ्या आवृत्तीची लेन्स ७९० ग्रॅमची आहे, लेन्स म्हणून अप्रतिम. पण हिशेब करा. तुमची १८-५५ साधारण २०५ ग्रॅम, ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅम, १०-१८ एसटीएम २४० ग्रॅम. तिन्ही मिळून ८२० ग्रॅम. म्हणजे एका लेन्सच्या वजनात तुम्ही १० ते २५० मिमी सगळं नेता. आणि एफ/२.८ एवढं मोठं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) करायचंय काय? दिवसाचा डोंगर एफ/८ लाच काढायचा आहे. क्रॉप सेन्सरवर एफ/८ ते एफ/११ ही ठीक जागा. एफ/११ च्या पलीकडे विवर्तनामुळे (छोट्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील मऊ पडायला लागतो, म्हणून 'सगळं शार्प हवं' म्हणत एफ/२२ लावू नका. एफ/८ ला या प्लास्टिकच्या साध्या लेन्स महागड्या लेन्सच्या इतक्या जवळ येतात की वेबवर टाकलेल्या किंवा घरात लावलेल्या फोटोत फरक ओळखून दाखवा म्हटलं तर कुणी दाखवणार नाही. कोपरे किंचित मऊ असतील. सह्याद्रीच्या फोटोत कोपऱ्यात बहुतेक वेळा आकाश नाहीतर गवत असतं.

मोठ्या ॲपर्चरची गरज रात्री लागते. फेब्रुवारी ते मे या काळात गडावर मुक्काम करून आकाशगंगा काढायची असेल, किंवा पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे काढायचे असतील, तर एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स हवी. तुमच्या प्रश्नात रात्रीचा उल्लेख नाही म्हणून तो विषय सोडतो. काजव्यांवर फ्लॅश मारू नका, एवढंच सांगून ठेवतो.

फोकसबद्दल. टेली घेतल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यांचे फोटो थोडे गंडतात, त्याचं कारण हायपरफोकल अंतर. तुमच्या सेन्सरवर एफ/८ ला १० मिमीसाठी हे अंतर साधारण ६५ सेंटीमीटर आहे: तिथे फोकस केलात की पायाच्या बुटापासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प. १८ मिमीला ते दोन मीटरच्या थोडं पुढे जातं, ५५ ला वीस मीटर, १०० मिमीला पासष्ट मीटर, आणि २५० ला चारशे मीटरच्याही पलीकडे. म्हणजे टेलीच्या चित्रात जवळची कारवीची फांदी आणि लांबचा सुळका दोन्ही शार्प मिळणार नाहीत. फांदी काढून टाका किंवा ती धूसरच राहू द्या, पण सुळक्यावर फोकस करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून एकदा बघून घ्यायची सवय लावा.

हात हलण्याचं दुसरं. २५० मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमच्या ४०० इतकी वागते, म्हणजे जुन्या नियमाप्रमाणे सेकंदाचा चारशेवा भाग हवा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन त्यातले साडेतीन स्टॉप वाचवतं, असं कंपनी म्हणते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पण माथ्यावर चढून आल्या आल्या छाती धपापत असते आणि वारा सुटलेला असतो; तिथे मी दोनच स्टॉप धरतो. दगडावर सॅक ठेवा, सॅकवर लेन्स टेकवा. एका दिवसाच्या ट्रेकला ट्रायपॉड मी नेत नाही. मुक्कामी जाताना नेतो, तोही एक किलोच्या आसपासचा, आणि वाऱ्यात त्याला पाण्याची पिशवी लटकावतो.

टेलीचा खरा शत्रू हवा आहे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखादा दिवस असा येतो की लांबच्या गडाचा बुरूजसुद्धा दिसतो. जानेवारी उलटला की धूळ आणि वणव्यांचा धूर चढत जातो. मार्चच्या दुपारी २०० मिमीने काढलेला डोंगर म्हणजे करड्या कागदावर करडी रेघ. यावर दोन उपाय. एक, उजाडताना किंवा मावळताना सूर्याच्या बाजूला तोंड करून काढा. तेव्हा तोच धुरकटपणा रांगांना एकामागून एक फिकट करत नेतो आणि चित्रच त्याचं होतं. दोन, वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ गाठा. हवा धुतलेली असते आणि वर ढगांचे मनोरे असतात. दुपारच्या धुरकट उन्हात फोटो काढत बसू नका, टाक्याकाठी सावलीत डबा खा.

पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घ्याच. ५५-२५० घ्या म्हणण्यामागे एक छोटं कारण हेही आहे, की तिचा आणि तुमच्या १८-५५ एसटीएमचा फिल्टर थ्रेड एकच, ५८ मिमी. एक पोलरायझर दोन्हीला चालतो. १०-१८ चा थ्रेड ६७ चा. अल्ट्रावाइडवर निळ्या आकाशासाठी पोलरायझर तसाही नको, कारण त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो आणि ९६ अंशांच्या चित्रात आकाशाचा एकच पट्टा काळाभोर होऊन बाकीचं फिकं राहतं. पोलरायझरचं खरं काम पावसाळ्यात आहे. ओल्या कातळावरची आणि पानांवरची पांढरी चमक तो काढतो, आणि हिरवा रंग खाली होता तसा वर येतो. ताम्हिणीत किंवा माळशेजला धबधब्यासमोर उभं राहून फिल्टर हळूहळू फिरवा, एका टप्प्याला कातळ एकदम काळा पडलेला दिसेल, तिथे थांबा. प्रकाश दीड-दोन स्टॉप खातो, पण धबधब्याला तेच हवं असतं, पाव ते एक सेकंदाचा शटर मिळतो.

आता पाऊस. यातल्या एकाही लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही, हे स्पष्ट समजून चला. हूड वेगळा विकत घ्या, कॅनन या साध्या लेन्सबरोबर देत नाही. खोल हूड म्हणजे समोरच्या काचेवर थेंब कमी. नाणेघाटात वारा पाणी खालून वर उडवतो, तिथे हूडही हरतो; पाठ वाऱ्याकडे, छत्री सोबत्याच्या हातात, कॅमेरा फक्त फोटोपुरता बाहेर. मायक्रोफायबरची तीन-चार फडकी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवा, एक ओलं झालं की ते परत वापरायचं नाही. धुक्यात आणि पावसात लेन्स बदलू नका. चढायला लागण्याआधी गाडीतच ठरवा, आज कुठली लावून राहायचं. एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते, पुसून जात नाही. पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

घरी आल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकून सोमवारी ऑफिसला जायचं नाही. सगळं बाहेर काढून पंख्याखाली वाळवा आणि मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राहायला हवी, तिचं छोटं मापक मिळतं. मुंबई-कोकणात तर हे न करणारा दर दोन पावसाळ्यांनी लेन्समध्ये बुरशी पिकवतो.

वाहून कसं नेणार हा प्रश्न लेन्सइतकाच मोठा आहे. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो तिथेच झाले. एका दिवसाच्या ट्रेकला बॉडी, लेन्स, फिल्टर, बॅटऱ्या मिळून दीड किलोच्या वर जाऊ नका. तुमचा संच त्यात बसतो. कॅमेरा सॅकच्या तळाशी असेल तर तो बाहेर निघतच नाही. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावायची क्लिप मिळते, ती चालण्याच्या वाटेवर उत्तम. एक लेन्स कॅमेऱ्यावर, दुसरी कमरेच्या पाऊचमध्ये. पण कातळटप्पा आला की कॅमेरा सॅकमध्ये, यात तडजोड नको. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबण्यांत असतात, आणि छातीवर लोंबणारा कॅमेरा तुम्हाला पायरीपासून वीतभर बाहेर ढकलतो. गळ्यातल्या पट्ट्याने तर मुळीच चढू नका.

ज्यांच्याकडे फुल फ्रेम मिररलेस आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. माझी सध्याची जोडी सोनीची २०-७० एफ/४, ४८८ ग्रॅम, आणि टॅमरॉनची ७०-३००, ५४५ ग्रॅम. सुरुवात २० ला होते म्हणून इंद्रधनुष्यही मावतं आणि वेगळी वाइड लागत नाही. निकॉनवाल्यांना एकच न्यायची असेल तर २४-२०० ही ५७० ग्रॅमची लेन्स पुरेशी आहे, २४-१२० एफ/४ जास्त चांगली पण टेलीकडे अपुरी. ७०-२०० एफ/२.८ कुणीही, कुठल्याही कंपनीची, ट्रेकला नेऊ नये. लग्नं काढत असाल तर घरी ठेवा.

खरेदीआधी एक काम करा. गेल्या वर्षभरातले ट्रेकचे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावा; लाइटरूममध्ये होतं, डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्येही होतं. तुम्हाला आवडलेले फोटो ५५ च्या टोकाला गोळा झालेले असतील, किंवा आवडलेल्यांतले बरेचसे नंतर कापून लहान केलेले असतील, तर टेली हेच उत्तर. ते १८ ला असतील आणि कापलेले नसतील, तर तुमचे मित्र बरोबर आणि माझं सगळं बाजूला ठेवून १०-१८ घ्या. पुढे कधी कॅननच्या मिररलेसकडे गेलात तरी या दोन्ही लेन्स ॲडाप्टरने चालतात, पैसे वाया जात नाहीत.

जुनी घ्यायला काहीच हरकत नाही. या लेन्स किट म्हणून ढिगाने विकल्या गेल्यात आणि अनेकांनी चार वेळा वापरून कपाटात ठेवल्यात. नावात एसटीएम आहे ना ते बघा, आधीची आवृत्ती फोकसला संथ आणि आवाज करणारी आहे. दोन्ही टोपणं काढून मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धूळ दिसेल, ती चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी. 'साफ करून मिळेल' असं विक्रेता म्हणाला तरी घेऊ नका. झूम दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मधे कुठे अडखळतो का बघा. मग स्वतःच्या बॉडीवर लावून समोरच्या इमारतीचा एफ/५.६ ला एक फोटो घ्या, इमारतीला अगदी काटकोनात उभे राहून, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे सारखेच मऊ असतील तर ठीक. एकच बाजू मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, दुसरी शोधा.